गाणं मळलं म्हणून टाकून द्यायचं का?

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी मी चार महिने वुपरटालला होते, पश्चिम जर्मनीत, ते शहर जिथे नदीच्या वर लोखंडी सांगाड्याला उलटी टांगलेली ट्रेन धावते. ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते ते आजोबा सत्तरीचे, रिटायर्ड, एकटे. त्यांच्या वाढदिवसाला दहाबारा मंडळी जमलेली, जेवणं झाली, वाईन झाली, आणि मग कुणीतरी म्हणालं की आता या मुलीने तिच्या भाषेतलं काहीतरी म्हणावं. मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, मला तेवढंच न अडखळता येतं, आणि मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे म्हटलं, आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणा. तुमचं, जुनं काहीतरी.

कुणीच म्हणेना. एक बाई बीटल्सचं म्हणू का असं विचारत होत्या, दुसऱ्या कुणाला लहान मुलांचं एक गाणं आठवलं पण दुसऱ्या ओळीला ते थांबले. मला वाटलं लाजतायत. पण नंतर सगळे गेल्यावर भांडी पुसता पुसता आजोबा म्हणाले, आमच्याकडे गाणी होती गं, खूप होती, पण ती आम्हाला ज्या मास्तरांनी शिकवली ते मास्तर दहा वर्षांपूर्वी तीच गाणी कुठल्या गणवेशात म्हणत होते हे आम्हाला ठाऊक होतं. एवढं बोलून ते आत गेले आणि एक एलपी घेऊन आले. १९७२ची, त्यांच्याच शहरातल्या पोरांच्या बँडची. बँडचं नाव ह्योल्डरलिन, रेकॉर्डचं नाव ‘ह्योल्डरलिन्स त्राउम’, म्हणजे ह्योल्डरलिनचं स्वप्न.

त्या रात्रीपासून मी हे संगीत ऐकतेय. साधारण १९७० ते १९७५ या काळात जर्मनीत जो प्रोग्रेसिव्ह फोक रॉक, म्हणजे लोकगीतांच्या वळणाचा, लांब रचनांचा रॉक, झाला त्याबद्दल मला इथे लिहायचंय, आणि नुसतं ‘ऐका, छान आहे’ एवढंच नाही म्हणायचंय. माझं म्हणणं असं आहे की एखाद्या समाजाची लोकगीतं सत्तेने हिसकावून घेतली, मळवली, तर पुढच्या पिढीने त्यांचं काय करायचं या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर या पोरांनी दिलंय, आणि त्यांच्या संगीताची ओढ लागते ती त्यामुळेच. गांजा, लांब केस, सतार यांच्यामुळे नाही.

जर्मन रॉक म्हटलं की आज जगभर लोक क्राउटरॉक म्हणतात. मुळात हा शब्दच ब्रिटिश म्युझिक पेपरवाल्यांनी रूढ केलेला, ‘क्राउट’ ही युद्धातली जर्मनांसाठीची शिवी. आणि त्यातही नावं घेतली जातात ती क्राफ्टवेर्क, नॉय, कॅन या बँडची, म्हणजे यंत्रासारखा सरळ चालणारा ठेका, सिंथेसायझर, पुढे टेक्नोपर्यंत गेलेली वाट. मोठंच काम आहे ते, मला त्यात काही कमी लेखायचं नाहीये. पण या कथेत लाकडी गिटार, बासरी, चेलो घेऊन हळू आवाजात गाणाऱ्या मंडळींना कोपऱ्यात एक ओळ मिळते, ‘हिप्पी फोक’ म्हणून. मला हे पटत नाही. यंत्राकडे जाणं हा एका अर्थी सोपा रस्ता होता, कारण यंत्राला भूतकाळ नसतो, सिंथेसायझरवर कुणी संचलन केलेलं नव्हतं. फोक म्हटलं की भूतकाळाला हात लावावाच लागतो आणि तो हात भाजणारा होता.

किती भाजणारा, ते आपल्याला पटकन कळत नाही, म्हणून जरा मागे जाते. १९०१मध्ये बर्लिनच्या श्टेगलित्स भागात वांडरफोगेल नावाची चळवळ रीतसर सुरू झाली, शाळकरी पोरं शहर सोडून रानावनात भटकायची, शेकोटीभोवती गिटार घेऊन जुनी गाणी म्हणायची. १९०९ साली हान्स ब्रॉयरने त्यांच्यासाठी ‘त्सुप्फगायगनहान्झल’ नावाचं गाण्यांचं पुस्तक काढलं आणि ते घराघरात पोचलं. साधी, निरागस गोष्ट. मग १९३३ आलं. नाझींनी या सगळ्या युवक संघटना बंद केल्या किंवा गिळल्या, पण शेकोटी, गिटार, सोबत चालत गाणं हे सगळं जसंच्या तसं उचललं आणि हिटलर युथला लावलं. तीच गाणी, शेजारी नवी मार्चिंग गाणी, आणि काही वर्षांत कुठलं कोणतं हे वेगळं करता येईना. युद्ध संपल्यावर फ्रान्झ योझेफ डेगनहार्ट नावाच्या गायकाने याच्यावर एक गाणंच लिहिलं, त्यात तो म्हणतो की आपली जुनी गाणी मेली, मास्तरांनी ती चावून टाकली, अर्ध्या चड्डीवाल्यांनी गिटारवर झोडपली, तपकिरी गणवेशातल्या नाझी टोळ्यांनी ओरडून ओरडून मारली आणि बुटांनी चिखलात तुडवली. आडोर्नोसारखा तत्त्वज्ञ तर युद्धानंतर सामूहिक गाण्याच्या सगळ्या चळवळीवरच तुटून पडला, गायलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही असं त्याने लिहिलं.

आपल्याकडे असं तुटलेलं नाहीये. ओवी, भारूड, पोवाडा, भजन, या हातातून त्या हातात येत राहिलं, आपण त्याची हेळसांड केली असेल पण आजीची ओवी म्हणताना मला कधी मान खाली घालावी लागली नाही. म्हणून त्या वाढदिवसाची शांतता मला आधी कळलीच नाही.

आता १९६०च्या दशकात या शांततेचं काय करायचं यावर जर्मनीत चक्क भांडणं झाली, आणि ती झाली एका पडक्या किल्ल्यापाशी. हुन्सऱ्युकच्या डोंगराळ भागात बुर्ग वाल्डेक म्हणून जागा आहे, तिथे १९६४पासून दरवर्षी गाण्याचा मेळा भरायला लागला. डेगनहार्ट, हान्नेस वाडर, राइनहार्ट माय ही मंडळी तिथूनच पुढे आली. पेटर रोलांट नावाचा एक गायक होता, १९६६मध्ये जेमतेम तेहेतिशीत गेला, पण त्याआधी त्याने १८४८च्या क्रांतीची गाणी शोधून गायली, यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतली, गाणी गायली, जर्मनीत, जर्मन तोंडाने, विचार करा त्या वेळी ते गाताना घशाचं काय होत असेल. या मंडळींच्या हाताशी एक मोठं साधन होतं, पूर्व जर्मनीतल्या वोल्फगांग श्टाइनित्सने केलेला दोन खंडांचा संग्रह, १९५४ आणि १९६२चा, त्यात सहाशे वर्षांतली शेतकऱ्यांची, विणकरांची, सैन्यातून पळून गेलेल्यांची गाणी होती. म्हणजे सगळी लोकगीतं नाझींनी मळवली हे खरं नव्हतंच, जी त्यांना नको होती ती तशीच पडून होती.

पण विद्यार्थ्यांच्या बंडाचं १९६८ आलं आणि वाल्डेकवर घोषणा झाली की गिटारी कोपऱ्यात ठेवा आणि चर्चा करा. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. एका बाजूला आजोबांच्या मास्तरांची गाणी आणि दुसऱ्या बाजूला गाणंच नको म्हणणारे क्रांतिकारक, दोघांचंही गाण्यावर प्रेम नाही. एकाला गाणं शिस्तीसाठी हवं, दुसऱ्याला ठरावासाठी. १९६९नंतर तो मेळा बंदच पडला. मधल्या मधे ज्यांना फक्त गायचं होतं, पण खोटं गायचं नव्हतं, त्यांनी जायचं कुठे?

ते गेले रुअरमध्ये, पश्चिम जर्मनीतल्या कारखान्यांच्या भागात. किंवा तिथलेच होते म्हणा. याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हे फोक रॉक खेड्यातून नाही आलेलं, ते बरंचसं आलं डुइसबुर्ग, एसेन आणि शेजारच्या वुपरटालमधून, कोळसा, पोलाद आणि गिरण्यांच्या पट्ट्यातून. १९६८च्या सप्टेंबरात एसेनला पाच दिवसांचा मोठा गीतमहोत्सव झाला, रोल्फ उलरिश कायझर या तरुण पत्रकाराने भरवलेला, एकाच महोत्सवात डेगनहार्ट आणि रॉकवाले फ्रँक झॅपा, टँजरीन ड्रीम, आमोन ड्यूल, गुरू गुरू. याच कायझरने पुढे १९७०मध्ये ओर, म्हणजे कान, नावाचं लेबल काढण्यात पुढाकार घेतला आणि १९७१मध्ये पिल्त्स, म्हणजे मश्रूम. पिल्त्सच्या मागे पैसा होता बीएएसएफचा, हो, तीच ती रसायनं आणि कॅसेटवाली कंपनी. सगळं मिळून वीसेक रेकॉर्ड्स निघाल्या असतील पिल्त्सवर आणि एकदोन वर्षांत खेळ संपला. कायझरचं पुढे कलाकारांशीच वाजलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय, ते इथे नको. पण त्या वीसेकांत ज्या पाचसहा आहेत त्यांच्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

ब्र्योझलमाशिने घ्या. डुइसबुर्गची पोरं, १९६८पासून एकत्र राहणारी आणि वाजवणारी, पहिली रेकॉर्ड १९७१ची. गिटार पेटर बुर्शची, गाणारी मुख्यतः येनी शुकर. बरीचशी गाणी इंग्रजीत आणि वळण ब्रिटिश फोकचं. यावर लगेच आक्षेप येतो की ही नक्कल आहे, यांचं स्वतःचं काय? मला वाटतं हा प्रश्न विचारणाऱ्याने तो वाढदिवस बघायला हवा होता. स्वतःचं जे होतं ते तोंडात घेववत नव्हतं म्हणून शेजाऱ्याचं घेतलं, आणि घेतलं तेही किती हळुवार, तिचा आवाज ऐका, ती गाण्यावर हक्क सांगत नाही, परक्याच्या घरात आपण कप जसा दोन्ही हातांनी उचलतो तशी ती ओळ उचलते. आणि मग त्याच रेकॉर्डवर ‘श्मेटरलिंग’ येतं, फुलपाखरू, नऊ मिनिटांहून मोठं, खाली सतार आणि वर ती एकदम जर्मनमध्ये बोलायला लागते. गात नाही, बोलते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रिवाइंड केलं होतं, कारण मला वाटलं की गाण्याच्या मधे कुणीतरी घरातलं माणूस बोलतंय. जर्मन भाषा परत गाण्यात येतेय ती अशी, दबकत, आधी नुसतं बोलून बघूया म्हणून.

सतारीचं बोलायलाच हवं, कारण आपल्या लोकांना हे ऐकवलं की पहिली तक्रार तीच असते. ही कसली सतार, ना आलाप ना मींड, गोऱ्या हिप्पींनी शोभेसाठी आणलेली वस्तू. तक्रार अर्धी खरी आहे. सतार म्हणून ती कच्चीच आहे, गिटारवाल्याच्या बोटांची आहे. आणि सगळंच उसनं मला पटतं असंही नाही. १९७३ची एक रेकॉर्ड आहे, स्विस लेखक सेर्गिउस गोलोविनची, नावातच लॉर्ड कृष्ण आणि गोलोक, पण तिच्यात कृष्ण शोधायला गेलात तर धुकंच हाती लागतं, तिथे आपलं नाव खरंच शोभेला लावलंय. पण सगळं एका मापाने मोजू नका. वुपरटालच्या ज्या रेकॉर्डने मी सुरुवात केली त्या ह्योल्डरलिनच्या स्वप्नावर सतार वाजवायला डुइसबुर्गहून पेटर बुर्श आलेला आहे, तबल्यावर त्याच्याच बँडचा गडी, आणि बासरीला एसेनचा वाल्टर वेस्ट्रुप. ट्रेनने तासाभराच्या आतली गावं. म्हणजे ही सतार भारताच्या स्वप्नातून कमी आणि शेजारच्या गावातून जास्त आलीये, ती एकमेकांच्या घरी जाऊन वाजवणाऱ्या पोरांची आहे, आणि लोकसंगीत दुसरं असतं तरी काय?

आणि मग पोपोल वूह, म्युनिकच्या फ्लोरिआन फ्रिकेचा बँड. जर्मनीत मोग सिंथेसायझर ज्या मोजक्या लोकांकडे होता त्यातला फ्रिके एक, पहिल्या दोन रेकॉर्ड्स मुख्यतः त्याच्यावर केल्या, आणि मग त्याने ते यंत्र बाजूलाच ठेवलं, पुढे क्लाउस शुल्त्स या सिंथेसायझरवाल्या संगीतकाराला विकून टाकलं. सगळा देश सिंथेसायझरकडे धावत असताना हा पियानोकडे परत आला. १९७२ची त्याची ‘होझियाना मंत्र’ ही रेकॉर्ड पिल्त्सचीच. ड्रम नाहीत. पियानो, ओबो, व्हायोलिन, कोनी फाइटची इलेक्ट्रिक गिटार आणि तंबोरा. गाणारी जॉन्ग युन, कोरियन संगीतकार इसांग युनची मुलगी, ज्या इसांग युनला १९६७मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तहेरांनी पश्चिम बर्लिनमधून पळवून नेलं होतं आणि १९६९मध्ये कुठे सोडलं. ‘क्यिरिए’ सुरू होतं तिथे कान देऊन ऐका. आमच्या काकांकडे मिरजेचा तंबोरा आहे, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा किंचित इकडेतिकडे सरकवून जवारी लागली की तार एकदम उघडते, एका आवाजाचे दहा होतात, आमच्या घरात तो क्षण आला की सगळे गप्प बसायचे. या रेकॉर्डवर तंबोरा मागे आहे, बारीक आहे, पण काम तेच करतोय, तो जमीन देतोय. ज्या माणसांच्या पायाखाली स्वतःच्या गाण्याची जमीन राहिली नव्हती त्यांनी तंबोऱ्याकडून जमीन मागून घेतली आणि तिच्यावर ख्रिश्चन प्रार्थना उभी केली, एका कोरियन मुलीच्या आवाजात. होझियाना एका धर्माचं, मंत्र दुसऱ्याचा, आणि फ्रिके दोन्हींपुढे सारखाच वाकतो. याला मी चोरी म्हणूच शकत नाही. मागणाऱ्याची नजर कुठे आहे ते बघा, ती वर आहे, खाली नाही.

भाषेबद्दल मघाशी म्हटलं ते पुरं करते. बँडचं नाव ह्योल्डरलिन का ठेवलं असेल? हा कवी १८४३मध्ये गेला, आयुष्याची शेवटची छत्तीस वर्षं ट्युबिंगनला नदीकाठच्या एका बुरुजातल्या खोलीत काढली, वेडा ठरवलेला. १९४३ साली त्याची स्मृतिशताब्दी आली तेव्हा नाझींनी ती धूमधडाक्यात साजरी केली, त्याच्या नावाने जी संस्था निघाली तिचे आश्रयदाते गोबेल्स, आणि आघाडीवरच्या सैनिकांसाठी त्याच्या कवितांची खास आवृत्ती काढली. म्हणजे त्या बिचाऱ्या कवीलाही गणवेश चढवला. आणि एकोणतीस वर्षांनी वुपरटालची विशीतली पोरं त्याचं नाव घेतात, बासरी, चेलो, मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) घेऊन, एका मुलीच्या पातळ आवाजात, जर्मन भाषेत, आणि त्यात मार्च करता येईल असा एकही ठेका सापडत नाही. मी मुद्दाम बघितलंय. त्या संगीतावर पाय आपटताच येत नाही, ते मधेच थांबतं, वळतं, चाल बदलते. लोक याला प्रोग्रेसिव्ह रॉकचा प्रभाव म्हणतात आणि तो आहेच, पण मला त्यात एक निश्चय पण ऐकू येतो, की आमच्या गाण्यावर कुणाला कवायत करता येणार नाही.

विटह्यूझर आणि वेस्ट्रुप ही एसेनची जोडी पण अशीच जर्मनमध्ये गाणारी, १९७१ची त्यांची ‘ट्रिप्स उंड त्रॉयमे’ ओर लेबलवर आली, दोन माणसं, गिटार आणि हाताला येतील ती वाद्यं. एमटिडी या बँडची १९७२ची ‘साट’, म्हणजे पेरणी, तीही सुंदर आहे, पण तिथे मी थोडक्यात पुढे जाते कारण मला औगेनवाइडेबद्दल सविस्तर लिहायचंय.

औगेनवाइडे हॅम्बुर्गचे. शब्द मध्ययुगीन जर्मन, शब्दशः डोळ्यांचं कुरण, आपण डोळ्यांचं पारणं म्हणतो तसं. पहिली रेकॉर्ड १९७३ची, प्रोड्यूसर आखिम राइशेल, जो साठच्या दशकात रॅटल्स या बीट बँडमध्ये इंग्रजी गाणी गायचा. या मंडळींनी उसनं घेणं थांबवलं आणि उलट खाली खणायला लागले, नाझींच्या खाली, वांडरफोगेलच्या खाली, थेट हजार वर्षं. १९७४च्या दुसऱ्या रेकॉर्डवर त्यांनी मेर्झेबुर्गचे मंत्र गायले. हे दोन छोटे मंत्र दहाव्या शतकात कुणीतरी एका धार्मिक पोथीच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले होते, १८४१मध्ये मेर्झेबुर्गच्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात सापडले, आणि पुढच्या वर्षी याकोब ग्रिमने प्रसिद्ध केले. पहिला मंत्र बंदिवानाच्या बेड्या सुटाव्यात म्हणून. दुसरा घोड्याचा मुरगळलेला पाय बरा व्हावा म्हणून. वोडान देव रानातून चाललाय, सोबतच्या शिंगराचा पाय लचकतो, आणि मग देव म्हणतो, ‘बेन त्सी बेना, ब्लुओत त्सी ब्लुओदा’, हाडाला हाड, रक्ताला रक्त, सांध्याला सांधा, जणू चिकटवल्यासारखं.

हे वाचलं तेव्हा मी उठून उभी राहिले, कारण हे आपल्याकडे आहे. अथर्ववेदात चौथ्या कांडातलं बारावं सूक्त, हाड मोडलं तर रोहिणी वनस्पती लावताना म्हणायचं, ‘मज्जा मज्ज्ञा सं धीयताम्’, मज्जेला मज्जा जोडली जावो, कातडीने कातडी वाढो, मांसाने मांस वाढो. आडालबेर्ट कून या जर्मन अभ्यासकाने हे साम्य एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलंय, त्यावर विद्वानांचे वाद आहेत आणि असू देत. मला यातून कुणी आर्यवगैरे गौरव काढायला लागलं तर मी पहिली विरोध करेन, कारण वोडानचं नाव घेऊन नेमकं तेच नाझींनी केलं होतं. औगेनवाइडेने काय केलं ते बघा. त्यांनी वोडानला परत घोड्याच्या पायापाशी आणून बसवलं. ना साम्राज्य, ना वंश, ना तलवार, एक लंगडणारं जनावर आणि त्याच्यावर वाकलेली माणसं, बासऱ्या आणि थापेची वाद्यं, आणि दोनतीन आवाज मिळून म्हणतायत की हाडाला हाड लागू दे. मळलेलं गाणं धुणं म्हणजे काय हे मला इथे कळलं. ते कुणाच्या कामाचं होतं ते शोधून त्याला परत द्यायचं.

आता विरोधी बाजूचं जे खरं वजनदार म्हणणं आहे ते मांडते. ते म्हणतात की हे धोक्याचं आहे, जुन्या जर्मनिक देवांचं, मध्ययुगाचं वेड पुन्हा जागं केलं की उजवे लोक टपलेलेच असतात, आणि आज जर्मनीत ते टपलेले नाहीत असं कोण म्हणेल. मध्ययुगीन जत्रांमधून वाजणारं जे भडक रॉक पुढे आलं त्यातलं बरंचसं मलाही आवडत नाही, तिथे शिंगं आणि ढाली जास्त आहेत आणि घोड्याचा पाय विसरला गेलाय. धोका आहेच. पण गाणं सोडून दिलं तर धोका जातो का? सोडलेलं गाणं रिकामं पडत नाही, ज्याला लाज नाही तो ते उचलतो. नाझींनीही तेच केलं होतं, शेकोटीची गाणी त्यांनी लिहिली नव्हती, त्यांनी फक्त जास्त जोरात म्हटली. १९४२मध्ये झोफी शोल या नाझीविरोधी विद्यार्थिनीचे वडील उल्मच्या तुरुंगात होते तेव्हा ती संध्याकाळी भिंतीबाहेर उभी राहून बासरीवर ‘विचार मुक्त असतात’ या जुन्या लोकगीताची चाल वाजवायची. पुढच्या वर्षी तिला मारलं. हीसुद्धा त्याच वर्षांतली, त्याच देशातली लोकगीताची गोष्ट आहे, आणि सगळी जुनी गाणी मेली म्हणताना आपण हिच्यावरही माती टाकतो.

आणि ज्यांना वाटतं की याचा रस्त्यावरच्या राजकारणाशी संबंध नाही त्यांना व्यूलची आठवण करून देते. १९७५मध्ये र्‍हाइन नदीकाठी व्यूल या गावी अणुभट्टी होणार होती, शेतकरी, द्राक्षबागवाले, विद्यार्थी जागा अडवून बसले, आणि ती भट्टी शेवटी झालीच नाही. तिथे वाल्टर मोसमानचं गाणं गायलं गेलं, ‘र्‍हाइनवरचा दुसरा पहारा’. ‘र्‍हाइनवरचा पहारा’ हे फ्रेंचांविरुद्धचं जुनं कडवं राष्ट्रवादी गाणं. मोसमानने नाव तिथून उचललं आणि चाल लावली अमेरिकेतल्या कोळसा खाणकामगारांच्या संपातल्या गाण्याची, आणि ते म्हणत होते नदीच्या दोन्ही काठांवरचे लोक, जर्मन आणि फ्रेंच, एकत्र. उसनी चाल आणि परत मिळवलेलं नाव, दोन्ही एकाच गाण्यात. मोसमान वाल्डेकच्या मेळ्यांतलाच. पुढच्याच वर्षी, १९७६मध्ये, त्सुप्फगायगनहान्झल नावाची जोडी रेकॉर्ड काढते, चक्क १९०९च्या त्या गाण्यांच्या पुस्तकाचं नाव घेऊन, आणि गाते काय तर पळपुट्या सैनिकांची, उपाशी शेतकऱ्यांची गाणी. वर्तुळ पूर्ण व्हायला सदुसष्ट वर्षं लागली.

म्हणून मी असं मानते की उसनं घेणारे आणि खणणारे हे दोन पक्ष नाहीत. बरेच जर्मन समीक्षक सत्तरच्या मध्यातल्या फोकला खरं मानतात आणि त्याआधीच्या सतार-बासरीवाल्यांना बालिश समजतात. मला उलटं दिसतं. ब्र्योझलमाशिने आणि पोपोल वूह यांनी दुसऱ्याच्या गाण्यातून आधी श्वास घ्यायला शिकवलं, हळू गायला शिकवलं, छाती न फुगवता गाता येतं हे दाखवलं, त्याशिवाय पुढे कुणाला स्वतःची जुनी गाणी तोंडात घेता आली नसती, आणि घेतली असती तरी ती परत मास्तरांसारखीच वाजली असती. आवाज आधी बदलावा लागला, मग गाणी परत आली. पेटर बुर्शने पुढे १९७५मध्ये गिटार शिकवायचं एक पुस्तक काढलं, नोटेशन न येणाऱ्यांसाठी, आणि ते लाखो घरांत गेलं, जर्मनीत माझ्या ऑफिसातल्या दोघांनी तरी गिटार त्याच्यावरून शिकलेली होती आणि त्यातल्या एकालाही त्याच्या बँडचं नाव माहीत नव्हतं. १९७१मध्ये सतार घेऊन बसलेला पोरगा चार वर्षांनी लोकांच्या हातात गिटार देतो आणि सांगतो, नोटेशन राहू द्या, वाजवा. यापेक्षा मोठं लोकसंगीताचं काम मला सांगा.

मी वुपरटाल सोडायच्या आदल्या रात्री आजोबांना परत विचारलं, एकतरी गाणं म्हणा ना. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून स्वयंपाकघराची खिडकी लावली, खुर्चीवर बसले आणि टेबलाकडे बघत झोफीच्या बासरीवरचं ते गाणं म्हणाले, दोन कडवी, इतक्या खालच्या पट्टीत की मधे फ्रिजचा आवाज येत होता. तिसऱ्याचे शब्द त्यांना आठवेनात, तर त्यांनी नुसती चाल गुणगुणली, आणि मीही.